वाघ आणि ताड: रिझर्व्ह बँकेचं ७५ रुपयांचं नाणं मिळवताना

माझ्याकडे वाघ-ताडाची, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं ते चिन्ह असलेली, दोन नाणी आधीपासून होती. एक १९८५ चं पन्नास पैशांचं, रिझर्व्ह बँकेच्या सुवर्णमहोत्सवाचं. दुसरं २०१० चं पाच रुपयांचं, भाजीवाल्या मावशींनी सुट्ट्यात दिलेलं. नव्हतं ते २०१० चंच ७५ रुपयांचं, चांदीमिश्रित मोठं नाणं. ते सुट्ट्यात मिळणं शक्यच नव्हतं, कारण ते संग्राहकांसाठी पाडलेलं, डबीत बसून राहणारं नाणं. १ एप्रिल २०२४ ला बँकेच्या नव्वदीनिमित्त मुंबईत ९० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं, टीव्हीवर पुन्हा तोच वाघ दिसला आणि मनात घेतलं की आता ते ७५ चं शोधायचंच. जुलैत हातात आलं. मधल्या काळात सगळ्यात जास्त वेळ गेला तो कुणाला काय विचारायचं हेच न कळण्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या चित्राविषयी, कारण त्याच्यापायीच हा सगळा उद्योग.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली. त्यात सोन्याची दुहेरी मोहोर होती, तीस रुपये किमतीची. एका बाजूला इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला सिंह आणि ताडाचं झाड. पुढे शंभर वर्षांनी रिझर्व्ह बँक उभी राहत होती, तेव्हा बँकेची मुद्रा, म्हणजे अधिकृत शिक्का, कशी असावी यावर बराच खल झाला. सरकारी दर्जा दिसावा पण अगदी अंगावर येऊ नये, काहीतरी भारतीय असावं, साधं असावं, पत्राच्या माथ्यावर फारसा बदल न करता छापता यावं, अशा अपेक्षा होत्या. जुने शिक्के, पदकं, नाणी चाळून झाल्यावर ही दुहेरी मोहोर पसंत पडली. फक्त सिंह काढून त्याच्या जागी वाघ घातला, कारण वाघ जास्त भारतीय. गीरच्या सिंहाला कुणी विचारल्याचं दिसत नाही.

घाईचं काम होतं, भागपत्रांवर (शेअर सर्टिफिकेटांवर) शिक्का मारायचा होता, म्हणून ते मद्रासच्या एका कंपनीला दिलं. २३ फेब्रुवारी १९३५ च्या बैठकीत संचालक मंडळाने मुद्रा मंजूर केली, पण जनावराचं रूप सुधारा असं सांगून. तेवढ्यात सुधारणा जमली नाही. जेम्स टेलर (तेव्हा डेप्युटी गव्हर्नर, नंतर गव्हर्नर) मात्र गोष्ट सोडेनात. कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या फाटकावर वाघाचा पुतळा होता, त्याचा फोटो काढायला लावला. टांकसाळीकडून आणि नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसकडून नवी रेखाटनं मागवली. सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की एकाचं झाड ठीक आहे पण वाघ कुत्र्याच्या कुळातला वाटतो आणि लोक टवाळी करतील. दुसऱ्याचा वाघ उत्तम, पण झाडाने सगळं बिघडवलं, खोड फार उंच आणि फांद्या कोळ्याच्या पायांसारख्या. शेवटी बरे नमुने तयार झाले ते नाशिकच्या प्रेसमध्ये. तरीही बँकेची मुद्रा होती तीच ठेवली गेली आणि नवं चित्र नोटांवर, चेकवर, पत्रांवर आणि प्रकाशनांवर बोधचिन्ह म्हणून गेलं.

माझे सासरे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "वाघ आमच्याकडे सुधारला होय? बरं झालं सांगितलंस, आम्हाला कुणी बोललं नव्हतं."

तर एप्रिल. पहिली गोष्ट मी केली ती टांकसाळीच्या ऑनलाइन दुकानात खातं उघडलं. रिझर्व्ह बँकेचं नाणं म्हटल्यावर ते बँकेत मिळेल असं बऱ्याच जणांना वाटतं. शेजारच्या काकांनी तर मला शाखेत जाऊन विचारायला सांगितलं होतं. पण नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. बँक चलनातली नाणी लोकांपर्यंत पोहोचवते, स्मारक नाण्यांचे संच टांकसाळ विकते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत आणि २००६ पासून त्या एसपीएमसीआयएल या सरकारी कंपनीखाली आहेत. नाशिकची दोन्ही प्रेसही त्याच कंपनीत येतात. खात्यासाठी मोबाईल, ईमेल आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता हाताशी ठेवा. पत्ता पॅन-आधारवर आहे तसाच भरा, पुढे कुठेही कागद जुळवताना त्रास होत नाही.

मी पाहिलं तेव्हा यादीत २०१० चं नाणं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यामुळे फार अपेक्षाही नव्हती. पण त्या दुकानात वेळ घालवल्याचा एक फायदा झाला. प्रूफ आणि यूएनसी यातला फरक तिथेच नीट कळला. प्रूफ नाण्याची सपाट जागा तोंड दिसेल इतकी चकचकीत असते आणि चित्र त्यावर पांढरट, मॅट उठून दिसतं. ती जास्त निगुतीने पाडतात, म्हणून महाग. यूएनसी म्हणजे न वापरलेलं, टांकसाळीतून निघालं तसं. पुढे बाजारात गेल्यावर हे दोन शब्द माहीत असणं फार उपयोगी पडलं, कारण 'प्रूफ आहे ताई' असं म्हणून यूएनसी दाखवणारेही भेटले.

मे महिना बाजार बघण्यात गेला. आणि इथे खरंच भांबावायला होतं. इंटरनेटवर '७५ रुपयांचं नाणं' शोधा, बाराशेपासून पन्नास हजारांपर्यंत काहीही दिसेल. पहिली अडचण अशी की ७५ चं नाणं एकच नाही. त्यातली काही अशी: २०१० चं रिझर्व्ह बँकेचं. २०१८ चं नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला त्याच्या पंचाहत्तरीचं. २०२० चं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं. आणि २०२३ चं नव्या संसद भवनाचं. ही चारही एकाच मापाची: व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, अर्धी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. त्यामुळे वजन-माप विचारून कोणतं नाणं ते कळत नाही. दोन्ही बाजूंचा फोटो आणि साल, हे मागायचंच.

दुसरी अडचण फसवणुकीची. जुनी नाणी लाखोंना विकत घेतो म्हणून फोन करणारे, आणि त्यासाठी आधी 'प्रोसेसिंग फी' मागणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः निवेदन काढून सांगितलं होतं की बँक असल्या व्यवहारात नाही, कुणालाही आपल्या वतीने फी घ्यायला नेमलेलं नाही. मी घेणारी होते, विकणारी नव्हते, तरी दोन-तीन ठिकाणी नंबर दिल्यावर मलाही 'तुमच्याकडे ट्रॅक्टरची पाचची नोट आहे का' म्हणून फोन यायला लागले. नाण्यांच्या चौकशीसाठी वेगळा ईमेल आणि जमलं तर वेगळं सिम वापरलेलं बरं.

मेच्या शेवटी शहरात नाणी आणि तिकिटांचं प्रदर्शन भरलं. असं प्रदर्शन आपल्या जवळपास कुठे भरत असेल तर आधी तिथे जा, हे मी कळकळीने सांगेन. विकत काही घेतलं नाही तरी डोळा तयार होतो. एका टेबलावर २०१० चं ७५ चं होतं, यूएनसी, पण डबी नाही. विक्रेते वयस्कर होते. मी नाणं उचलायला गेले तर म्हणाले, "ताई, कडेने धरा. चित्राला बोट नको." मग स्वतःच्या भिंगाखाली धरून दाखवलं. वाघाच्या वरच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या बारीक रेघा. कुणीतरी टूथपेस्टने घासलं होतं. आठ हजार सांगत होते आणि स्वतःच म्हणाले, "हे तुम्ही घेऊ नका. घासलेलं नाणं पुढे कुणी घेत नाही. लिलावात बघा, तिथे डबीतलं येतं." स्वतःचा माल नको म्हणणारा दुकानदार मी क्वचितच पाहिला आहे.

लिलाव म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. हातोडा, फेटेवाले, कोटींच्या बोल्या, असं काहीतरी डोक्यात होतं. प्रत्यक्षात आपल्याकडे नाण्यांचे लिलाव आता बऱ्यापैकी ऑनलाइन होतात. शेकडो लॉट (बोलीसाठी क्रमांक देऊन मांडलेल्या वस्तू) असतात आणि त्यात दोन-तीन हजारांचे लॉटही भरपूर. नोंदणीला पॅन आणि आधारची प्रत, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि अटी मान्य असल्याची सही लागली. माझी पॅनची प्रत अंधुक म्हणून परत आली. स्कॅन करा, मोबाईलचा फोटो चालत नाही. मंजुरीचा ईमेल यायला चार-पाच दिवस लागले, म्हणून लिलावाच्या आदल्या दिवशी नोंदणी करून भागत नाही.

अटींचा कागद कंटाळवाणा असला तरी एकदा पूर्ण वाचाच. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, खरेदीदाराचा प्रीमियम: बोली ज्या रकमेवर थांबते त्यावर लिलाव करणाऱ्या संस्थेचे काही टक्के वेगळे. मी जिथे घेतलं तिथे बारा टक्के होते. दोन, जीएसटी आणि पोस्टेज त्यावर आणखी. तीन, परतीची अट: नाणं खोटं निघालं तर परत घेतात, 'आवडलं नाही' म्हणून नाही. त्याच कागदात असंही होतं की शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येणार नाहीत, कारण १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरतात. माझ्या नाण्याला हे लागू नव्हतं. पण त्याच लिलावात १८३५ चे रुपये होते आणि अमेरिकेतल्या दिराने 'मला एक घेऊन ठेवा, दिवाळीत नेतो' म्हटलं होतं, त्याला तिथल्या तिथे नाही म्हणता आलं.

दुहेरी मोहोर मात्र त्या कॅटलॉगमध्ये नव्हती. असती तरी आम्ही नुसती पानं उलटली असती. अशा मोहरांचे आकडे वाचूनच कॅटलॉग मिटावासा वाटतो.

बोलीच्या दोन पद्धती होत्या, प्रत्यक्ष वेळी ऑनलाइन बसून किंवा आधीच कमाल रक्कम लिहून द्यायची. मी लिहून दिली. स्वतःला ओळखून आहे. समोर आकडा चढताना दिसला की 'अजून दोनशेच तर' असं म्हणत कुठल्या कुठे गेले असते. कमाल रक्कम ठरवताना उलटा हिशेब करा. माझं घरातलं बजेट सहा हजार. त्यातून प्रीमियम, जीएसटी, पोस्टेज वजा घालून पाच हजार उरले, तेच लिहिले. लिलाव जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी होता. माझा लॉट दुपारनंतर. त्या दिवशी साबुदाण्याचे पापड घालायचे राहिले होते, तेच घालत बसले आणि मोबाईल मुद्दाम आत ठेवला. संध्याकाळी ईमेल आला: लॉट तुम्हाला, ४,८०० रुपयांना.

आनंद झाला हे खरं, पण त्यासोबत एक विचित्र शंकाही आली, की बाकीच्यांनी सोडलं म्हणजे नाण्यात काही खोट असेल का? संग्राहक मंडळी सांगतात, ही शंका प्रत्येकाला येते.

बिल सोमवारी आलं. सगळं धरून पावणेसहा हजारांच्या आसपास. सात दिवसांत एनईएफटीने भरायचं होतं. भरताना शेऱ्यात लॉट क्रमांक घालायला विसरू नका आणि यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) त्यांना लगेच कळवा, नाहीतर पैसे कुणाचे हे शोधत बसतात. बिलावर नाण्याचं पूर्ण वर्णन आहे ना, ते पाहून घ्या. नुसतं 'एक नाणं' लिहिलेलं बिल उद्या विम्याला किंवा विकताना कामाचं नाही.

पार्सल जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं, पाऊस धो धो कोसळत होता त्या दिवशी. खोक्याचा एक कोपरा पार चेपलेला. कुरिअरवाल्या मुलाला दोन मिनिटं थांबवलं, बाहेरून फोटो काढले, मग मुलीला व्हिडिओ घ्यायला सांगून त्याच्या समोरच उघडलं. आत थर्माकोल, त्यात डबी, डबीत गोल प्लॅस्टिकचं आवरण. नाण्याला काही झालं नव्हतं. व्हिडिओ न थांबवता, पट्टी कापण्यापासून शेवटपर्यंत घ्या. तुकड्यांचा व्हिडिओ नुकसानभरपाईच्या दाव्यात मानत नाहीत.

आता खरं-खोटं बघणं. सराफाकडे गेले तर त्यांनी कसोटीचा दगड काढला, मी हात जोडून परत आले. नाण्याला ओरखडा न काढता तपासायची एक पद्धत आहे. ती घरी होते आणि शाळेतल्या आर्किमिडीजवर चालते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, पाचशे-सहाशेला मिळतो. आधी वजन घेतलं: ३४.९६. संसद भवनाच्या ७५ च्या नाण्याच्या अधिसूचनेत ३५ ग्रॅमला एक टक्का कमी-जास्त, म्हणजे ३४.६५ ते ३५.३५ अशी सूट दिली आहे. त्या हिशेबाने उत्तम. मग काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला. शिवणाच्या मऊ दोऱ्याची सैल गाठ नाण्याभोवती घालून ते पाण्यात पूर्ण बुडवलं, पण तळाला किंवा काठाला टेकू दिलं नाही. अशा वेळी काटा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा भार. हात थरथरतो म्हणून आकडा नाचतो. दोरा लाटण्याला बांधून लाटणं दोन डब्यांवर आडवं ठेवलं तेव्हा तो स्थिर झाला: ३.६८.

हिशेब असा. अर्धी चांदी, ४० टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त यांची घनता धरली तर मिश्रणाची घनता सुमारे ९.५३ येते. ३५ ग्रॅमला ती ३.६७ ग्रॅम पाणी सारते. तेवढ्याच वजनाचं नुसतं तांबं-निकेलचं, वरून चांदीचा मुलामा दिलेलं नाणं असतं तर ३.९ च्या पुढे गेलं असतं. माझं ३.६८. सासरे काट्याकडे बघत होते, म्हणाले, "पास."

हे फक्त यूएनसीवर करा. प्रूफ नाणं आवरणातून काढूच नका, पाण्याचा एक डाग पडला तरी गेलं. आणि नंतर पुसायचं नाही, मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्यायचं, अर्धा तास सुकू द्यायचं.

भिंगाखाली वाघ पाहिला. पट्टे, उचललेला पाय, मागे ताड. टेलरसाहेबांची शंका डोक्यात असल्यामुळे मी बराच वेळ कुत्रा शोधत होते. नाही दिसत. वाघच आहे, जरा सडपातळ. मुलीचं मत वेगळं आहे.

लोक विचारतात तेही सांगून टाकते. हे नाणं चालतं का? स्मारक नाण्यावरची किंमत भारतीय चलनातच असते, पण ते पंचाहत्तर रुपयांना द्यायला कुणी निघत नाही, आतली चांदीच कितीतरी महाग आहे. चांदीसाठी वितळवावं का? मुळीच नाही. २०११ च्या नाणे कायद्याने नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे वाढतील का? वाढतीलही, पण प्रीमियम आणि जीएसटी देऊन घेतलेलं नाणं विकताना विक्रेत्याचं कमिशनही जातं, तेव्हा गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर चांदीची बिस्किटं बरी.

ठेवण्याचं म्हणाल तर नाशिकच्या पावसात सगळ्यात मोठा शत्रू दमट हवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणं ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट थर चढतो. कडक गोल कॅप्सूल ४४ मिलिमीटरची मागवली, पन्नास-साठ रुपयांना. डबीत सिलिका जेलची पुडी, ती दर पावसाळ्याआधी बदलायची. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद जवळही नको, दोन्हींतल्या गंधकाने चांदी काळी पडते. थोडा सोनेरी-तपकिरी रंग आपोआप चढला तर चढू द्यावा.

बिल, लॉटचं पान, वजनाचे आकडे आणि दोन्ही बाजूंचे फोटो एका फाइलीत लावले आहेत. फाइल बँकेच्या कागदांत ठेवली आणि कुठे आहे ते घरात तिघांना सांगितलं. ९० चं नाणं टांकसाळीकडूनच घ्यायचं ठरवलं आहे. दर्शनी किंमत नव्वद असली तरी ४० ग्रॅम शुद्ध चांदी म्हणजे रक्कम मोठी, तेव्हा सध्या त्यासाठी पैसे बाजूला टाकते आहे. पाण्यातला हिशेबही करून ठेवला आहे: शुद्ध चांदीची घनता १०.४९, म्हणून ३.८१.